पाठीशीं एंजिन घेणाऱ्या मोटारी

मोटारीचें एंजिन कोठें असतें असें कोणत्याही घरांतील मुलास विचारलें, तर तो गाडीच्या नाकाकडे बोट दाखवील. आज रस्त्यावर धांवणाऱ्या बहुतेक मोटारींचें एंजिन पुढेंच असतें. शिवाय बैल आणि घोडे हजारों वर्षें गाडीपुढें जुंपलेले पाहिल्यामुळें ओढणारी शक्ति पुढें असावी हेंच मनुष्यास स्वाभाविक वाटतें. परंतु मोटारीचा जन्म पाहूं गेल्यास तो उलट रीतीनें झालेला दिसतो. कार्ल बेन्झ या जर्मन यंत्रज्ञानें १८८६ सालीं ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, तिचें एंजिन बसणाराच्या पाठीमागें होतें. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत त्याची पत्नी बेर्था ही दोघां मुलांस बरोबर घेऊन, पतीस न सांगतां, मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास करून गेली, ती याच जातीच्या गाडींतून. वाटेंत इंधन संपलें तेव्हां बाईनें तें वीसलोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें! एंजिन पुढें बसविण्याची रूढि पाडली ती फ्रान्समधील पानार व लव्हासोर यांच्या गाड्यांनीं, १८९१ च्या सुमारास. आणि ती इतकी दृढ झाली कीं, मूळची रीतिच पुढें अपवाद म्हणून ओळखली जाऊं लागली.

या अपवादाकडे माझें लक्ष वळलें तें पुतण्यामुळें. आम्ही दोघे भाऊ एकाच घरांत राहतों. धाकट्याचा मुलगा हिशेबनीस आहे. दिवसभर कचेरींत आंकडे जुळवितो आणि रात्रीं सर्वांचीं जेवणें आटोपलीं कीं मेजावर प्लॅस्टिकचे तुकडे जुळवीत बसतो. छोट्या मोटारींचे न जुळविलेले जुने संच, ज्यांस सर्वत्र किट म्हणतात, शोधून काढणें हा त्याचा छंद. आणि त्यांतही हट्ट असा कीं, गाडी मागील एंजिनाचीच पाहिजे. ‘काका, बाकीच्या गाड्या जमविणारे पुष्कळ आहेत,’ एवढेंच त्याचें स्पष्टीकरण. मीं आयुष्यभर वर्गांत प्रकृति आणि प्रत्यय जोडून शब्द सिद्ध करून दाखविले. सुटे भाग जोडून वस्तु सिद्ध करण्याच्या उद्योगाशीं माझें वैर असण्याचें कारण नव्हतें. सेवानिवृत्तीनंतर जुन्या याद्या वाचणें, पत्रव्यवहार करणें आणि भागांच्या कडा घांसणें हीं कामें आपोआपच माझ्या वांट्यास आलीं.

प्लॅस्टिकचे असे संच प्रथम निघाले ते विमानांचे. इंग्लंडांत फ्रॉग या नांवानें उडणारीं खेळण्यांतलीं विमानें करणाऱ्या मंडळींनीं १९३६ सालीं न उडणाऱ्या विमानांचे संच बाजारांत आणले आणि विनोदानें त्यांस पेंग्विन हें नांव दिलें. पंख असून न उडणारा पक्षी तो. त्यांचें प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेट जातीचें असे. तें वर्षानुवर्षें पडून राहिलें कीं वांकतें, म्हणून तसा संच आज हातीं लागला तरी त्याचे भाग एकमेकांस जुळतीलच असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन प्रचारांत आलें. तें वितळवून मोठ्या दाबानें पोलादी सांच्यांत भरावयाचें आणि थंड होतांच सांचा उघडावयाचा, कीं वेलीस शेंगा लागाव्या तसे सर्व भाग एका चौकटीस लागून बाहेर पडतात. यांत प्लॅस्टिक स्वस्त. महाग तो सांचा. ज्या वस्तूचे हजारों संच खपतील असा भरंवसा असेल, तिचाच सांचा कोरला जातो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्यावरच आमच्या शोधाची सारी अडचण उभी आहे.

एअरफिक्स ही इंग्रज कंपनी फुगवावयाचीं खेळणीं आणि नंतर फण्या करीत असे. तिनें १९५२ सालीं गोल्डन हाइंड या जुन्या जहाजाचा संच वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांस ठेवला, तोही खोक्यांत नव्हे, साध्या पिशवींत. अमेरिकेंत ए. एम. टी. ही कंपनी मोटारविक्रेत्यांसाठीं नव्या गाड्यांचे छोटे नमुने तयार करी. १९५८ पासून तिनें तसल्याच गाड्या सुट्या भागांच्या रूपानें मुलांस विकण्यास आरंभ केला. प्रमाणें निरनिराळीं. इंग्रज संच पुष्कळदां बत्तिसाव्या हिश्शाचे, अमेरिकन पंचविसाव्या, जपानी बहुधा चोविसाव्या. फोक्सवागेनची सुप्रसिद्ध ‘बीटल’ सुमारें चार मीटर सात सेंटिमीटर लांब. चोविसाव्या हिश्शानें ती सतरा सेंटिमीटर भरते, म्हणजे नेहमीच्या वितीहून थोडी कमीच.

आतां मूळ प्रश्न असा कीं, एंजिन पुढें ठेवण्याची सोयीची रूढि पडली असतां तें पुन्हां मागें कां नेलें? याचें उत्तर शर्यतींत किंवा श्रीमंतांच्या हौसेंत शोधूं नये. तें कुटुंबांत आहे. एंजिन पुढें आणि चालणारीं चाकें मागें, अशी रचना असली कीं दोहोंस जोडणारा लांब दांडा गाडीच्या पोटाखालून न्यावा लागतो. त्याच्यासाठीं बसणारांच्या पायांमध्यें उंचवटा येतो, वजन वाढतें, खर्च वाढतो. एंजिन चाकांजवळच मागें ठेवलें म्हणजे दांडा गेला. तळ सपाट झाला. आवाज आणि धूर पाठीमागें राहिला. भार चालत्या चाकांवरच पडल्यामुळें चढावर आणि बर्फांत पकड चांगली मिळूं लागली. लहानशा, स्वस्त गाडींत आईबाप व दोन मुलें बसवावयाचीं असतील तर याहून सोपी युक्ति त्या काळीं नव्हती. आपल्याकडील बजाजच्या प्रवासी रिक्षाचें एंजिन मागच्या चाकांपाशीं असतें, तेंही पुष्कळसें याच हिशेबानें.

या युक्तीस शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली ती मोराव्हियांतील कोप्रिव्हनित्से गांवच्या टाट्रा कारखान्यानें. हान्स लेड्विन्का हा तेथील मुख्य रचनाकार. झेपेलिन विमाननौकांच्या कामांत मुरलेल्या पाउल यारायच्या सिद्धांतांवर बेतलेली टाट्रा ७७ ही गाडी १९३४ सालीं लोकांपुढें आली. माशासारखी निमुळती पाठ, आणि त्या पाठींत हवेनें थंड होणारें आठ नळकांड्यांचें एंजिन! ती गाडी धनिकांची होती. पण तिच्या कुळांतील लहान गाड्यांचें आणि फेर्डिनांड पोर्शेनें जर्मनींत आंखलेल्या फोक्सवागेनचें साम्य इतकें होतें कीं, टाट्रानें हक्काची तक्रार केली. तोंच जर्मनीनें चेकोस्लोव्हाकिया गिळंकृत केला आणि तक्रार जागच्या जागीं राहिली. युद्धानंतर पुष्कळ वर्षांनीं फोक्सवागेननें टाट्रास भरपाई दिली. लेड्विन्काच्या वांट्यास मात्र शत्रूशीं सहकार्य केल्याच्या आरोपावरून तुरुंग आला. १९५१ सालीं तो सुटला, देश सोडून गेला आणि १९६७ सालीं म्यूनिक येथें वारला. आमच्या घरीं कपाटांत टाट्रा आणि बीटल शेजारींशेजारीं ठेवलेल्या आहेत. दोघींच्या पाठीकडून पाहिलें म्हणजे भाऊबंदकीच्या खटल्याचे कागद वाचल्यासारखें वाटतें.

बीटलची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. युद्धानंतर मोडकळीस आलेला तो कारखाना इव्हान हर्स्ट या इंग्रज मेजरानें चालता केला, आणि २००३ च्या जुलैंत मेक्सिकोंतील प्वेब्ला येथें शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत २,१५,२९,४६४ गाड्या तयार झाल्या. मला तिच्याहून फ्रेंचांच्या रेनो ४ सी. व्ही. या गाडीची कथा अधिक आवडते. जर्मनांच्या अमलाखालीं रेनो कारखान्यास खाजगी मोटारी आंखण्याची मनाई होती. तेथील यंत्रज्ञांनीं चोरून ही गाडी आंखली. १९४६ च्या पॅरिस प्रदर्शनांत ती झळकली. चार दरवाजे, एंजिन मागें, आकार टुमदार. देशांत रंगाचा दुष्काळ असल्यामुळें जर्मन सैन्याच्या आफ्रिकेंतील वाहनांसाठीं आणलेला वाळूच्या रंगाचा शिल्लक सांठा पहिल्या गाड्यांस फांसला गेला, आणि लोकांनीं तिला ‘लोण्याचा गोळा’ म्हणावयास सुरुवात केली. १९६१ पर्यंत अशा अकरा लक्षांवर गाड्या विकल्या गेल्या. दहा लक्षांचा आंकडा गांठणारी ती पहिली फ्रेंच मोटार. इटलींत दान्ते जाकोझा यानें फियाट कंपनीसाठीं १९५५ सालीं ‘६००’ आणि १९५७ सालीं ‘५००’ या गाड्या रचल्या. दुसरीची लांबी तीन मीटरांहूनही किंचित् कमी आणि एंजिन अवघें ४७९ घनसेंटिमीटरांचें. युद्धांत भाजून निघालेल्या युरोपांत किती घरांनीं आपली पहिली मोटार म्हणून यांपैकींच एखादी दारांत उभी केली असेल! आजी पुढें, नातवंडें मागें, बोचकें टपावर, असें समुद्रावर जाणारें कुटुंब त्या काळच्या छायाचित्रांतून अजून दिसतें.

युक्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बैलगाडींत मागच्या अंगास भार फार झाला कीं जूं वर उचलूं लागतें. गाडी उलाळ झाली असें आपण म्हणतों. मोटारीचें पुढचें अंग तसें उचललें जात नाहीं, पण हलकें पडतें. वळणावर जड पाठ सरळ जाऊं पाहते. चालकानें घाबरून वेगावरचा पाय एकदम काढला तर ती पाठ बाहेरच्या बाजूस भिरकावली जाते. त्यांतून पुष्कळशा गाड्यांचा मागील आंस दोन अर्धांचा, मध्यें बिजागरीसारखा हलणारा असे. गाडीची पाठ वर उठली कीं चाक आंत वळून जमिनीवर तिरपें टेकावें, अशी त्याची खोड. जाणते चालक पुढच्या सामानाच्या पेटींत वाळूची पिशवी ठेवीत, तें उगीच नव्हे.

या खोडीचा मोठा बोभाटा झाला तो अमेरिकेंत. शेव्हरोलेनें १९६० सालची नवी गाडी म्हणून कॉर्व्हेअर आणली. सहा नळकांड्यांचें, हवेनें थंड होणारें एंजिन मागें. वळणावर तोल सांवरणारा एक दांडा पुढें बसवावयाचा, तो खर्च वांचविण्यासाठीं गाळला होता. त्याऐवजीं सूचना अशी कीं, पुढील चाकांत हवा बरीच कमी आणि मागील चाकांत अधिक भरावी. सूचना पुस्तिकेंत राहिली. पेट्रोलच्या पंपावर हवा भरणारा चारी चाकें सारखीं टणक करून मोकळा होई. १९६५ सालीं राल्फ नेडर या वकिलानें मोटारींच्या धोक्यांवर पुस्तक लिहिलें, त्याचें पहिलेंच प्रकरण या गाडीवर होतें. १९६६ सालीं तेथें वाहनांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. गंमत अशी कीं, पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वींच कंपनीनें १९६५ च्या नमुन्यांत मागील रचना पार बदलून टाकली होती, आणि १९७२ सालीं सरकारी चौकशीनें निर्वाळा दिला कीं, जुनी गाडी तिच्या बरोबरीच्या इतर गाड्यांहून अधिक धोक्याची नव्हती. तोपर्यंत गाडी बंद होऊन तीन वर्षें झालीं होतीं. माझ्या मतें नेडरचा मुद्दा या निर्वाळ्यानें बाद होत नाहीं. ज्याला गाडींत आपलीं मुलें बसवावयाचीं आहेत, त्याच्या जिवाचें रक्षण हवेच्या दाबाविषयींच्या बारीक अक्षरांतील एका ओळीवर सोंपवून कारखानदारानें स्वस्थ बसावें, हें कोणत्या न्यायांत बसतें?

ब्रिटननें १९६३ सालीं हिलमन इम्प ही मागील एंजिनाची गाडी काढली. बेकारी कमी व्हावी म्हणून सरकारनें कारखाना स्कॉटलंडांतील लिनवूड येथें काढावयास लावला. तेथें ओतलेलें एंजिन पुढील कामासाठीं सुमारें तीनशें मैल दूर इंग्लंडांत जाई आणि तयार होऊन परत येई. पण तोपर्यंत वादाचा निकाल दुसरीकडेच लागला होता. १९५९ सालच्या मिनि गाडींत ॲलेक इसिगोनिस यानें एंजिन पुढेंच, पण आडवें ठेवलें आणि पुढचींच चाकें चालविलीं. लांब दांडा नको तो नकोच, आणि मागचें अंग सामानास मोकळें! स्वतः फोक्सवागेननें १९७४ सालीं गोल्फ काढून हाच मार्ग धरला. आज जुन्या पद्धतीचा अभिमान नांवारूपानें टिकवून आहे ती पोर्शे ९११. पण ती कांहीं चार माणसांच्या संसाराची गाडी नव्हे.

आणि येथेंच आमच्या शोधाची अडचण येते. पोर्शेचे संच हवे तितके मिळतात. जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीनें १९७६ सालीं पोर्शे ९३४ चा बाराव्या हिश्शाचा संच काढला. त्याच्या तयारीसाठीं मालकांनीं चक्क एक खरी ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती! बीटलही सर्वांनीं काढली. परंतु ज्या गाड्या केवळ उपयोगी होत्या, ज्यांच्यावर कोणी जीव टाकला नाहीं, त्यांचा सांचा कोरण्यास फारसा कोणी धजला नाहीं. फ्रान्समधील हेलर कंपनीनें आपल्या देशाची रेनो विसरूं दिली नाहीं, हे तिचे उपकार. एअरफिक्सनें बत्तिसाव्या हिश्शाची रेनो डोफीन एके काळीं काढली होती. पण १९८१ सालीं ती कंपनी बुडाली, तिचे सांचे समुद्रापार काले येथें गेले, पुढें १९८६ त आणि २००६ त पुन्हां मालक बदलले. अशा स्थलांतरांत ज्याला मागणी नाहीं तें मागेंच पडावयाचें. कुटुंबाच्या वहींत लग्नमुंजींचा खर्च तपशीलवार असतो. रोजच्या दुधाचा हिशेब कोणी जपून ठेवीत नाहीं, तसाच हा प्रकार.

डोफीनसाठीं आम्ही दोन वर्षें खटपट केली. पुण्याच्या जुन्या बाजारांत बुधवारीं व रविवारीं किती फेऱ्या झाल्या त्यांची गणती नाहीं; तेथें कुलुपें, नाणीं, घड्याळें मिळालीं. अखेर परदेशांतील एका विक्रेत्याकडून ‘सर्व भाग पूर्ण’ अशी लेखी ग्वाही असलेलें पार्सल आलें. उघडून पाहतों तों गाडी जुळविलेली, अर्धवट निळी रंगविलेली आणि एक चाक नाहीं! विक्रेत्यानें पुढें पत्राचें उत्तरही दिलें नाहीं. पुतण्या खिन्न झाला. मी भिंग घेऊन बसलों. छपरावर वाळलेल्या गोंदांत लहान बोटाचा ठसा उमटलेला होता. साठएक वर्षांपूर्वीं कोण्या परदेशी मुलानें घाईघाईनें दाबून धरलेलें तें छप्पर. चाक आम्हीं दुसऱ्या चाकावरून ओतून घेतलें, निळा रंग काढला, सांधे सोडवून पुन्हां बसविले. ठसा तसाच ठेवला आहे.

याच्या उलट प्रकार कॉर्व्हेअरचा. ए. एम. टी.चा जुना संच, कागदी वेष्टण न फोडलेला, एका नातेवाइकाच्या ओळखीनें मिळाला. त्याची किंमत ऐकून वहिनींनीं पानावरूनच विचारलें, ‘एवढ्या पैशांत खरें काय आलें?’ पुतण्याचें म्हणणें असें कीं, वेष्टण फोडलें कीं मोल निम्म्यावर येतें, तेव्हां तो संच तसाच ठेवावा. माझें मत निराळें पडलें. बासनांत बांधून देव्हाऱ्यामागें ठेवलेल्या पोथ्यांचें पुढें काय झालें हें मीं पुष्कळ घरीं पाहिलें आहे. पूजा चालू होती आणि आंत कसर पानें खात होती. महिनाभर वाद चालला. शेवटीं दसऱ्याच्या दिवशीं त्यानें स्वतःच वेष्टण कापलें. आंत काय निघालें? मऊ प्लॅस्टिकचीं टायरें इतकीं वर्षें पारदर्शक कांचांवर टेकून राहिलीं होतीं, आणि त्यांतील द्रव्यानें कांचांवर वर्तुळाकार खड्डे पाडले होते. जुने संग्राहक याला टायरचा डाग म्हणतात. न उघडतां आणखी दहा वर्षें गेलीं असतीं तर तेवढा भाग अधिकच गेला असता. पाण्यांत भिजवून चिकटवावयाचीं चित्रें पिवळीं पडलीं होतीं. तीं खिडकीच्या तावदानास लावून आठवडाभर उन्हांत ठेवलीं, तेव्हां बरींच पांढरीं झालीं. कांचा पातळ पारदर्शक पत्र्यांतून नव्यानें कापल्या. सूचीकटाह न्यायानें लहान कामें आधीं उरकून मग अंग जोडलें. गाडी उलटी धरली म्हणजे पोटाखालीं पुढून मागें जाणारा दांडा नाहीं, हें बोटांस आपोआप समजतें.

आतां घरांत चालू असलेलें काम मात्र कोणत्याच कंपनीच्या खोक्यांतलें नाहीं. मागील एंजिनावर कुटुंबाची गाडी उभी करण्याचा आपल्या देशांतील मोठा प्रयत्न म्हणजे टाटांची नॅनो. स्कूटरवर भिजत चाललेल्या चौघांचें कुटुंब पाहून रतन टाटांच्या मनांत ही कल्पना आली, हें सर्वश्रुत आहे. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या अभियंत्यांनीं ती आकारास आणली. १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीस ती प्रथम दिसली: लांबी ३.१ मीटर, दोन नळकांडीं, ६२४ घनसेंटिमीटर, एंजिन मागच्या बाकाखालीं. बंगालमधील सिंगूर सोडून कारखाना गुजरातेंत साणंदला गेला आणि २०१८ सालीं गाडी बंद झाली. स्वस्त म्हणून जाहीर झालेली वस्तु दारांत उभी करण्यास आपला मध्यम वर्ग लाजला, असें माझें मत आहे. फियाटवाल्या इटालियनांस ती लाज वाटली नाहीं.

तिचा संच पुण्यामुंबईच्या दुकानांत आम्हांस मिळाला नाहीं, म्हणून पुतण्याच्या मुलीनें, ती आठवींत आहे, शेजाऱ्यांच्या नॅनोवर फीत धरून मापें घेतलीं. चोविसाव्या हिश्शानें लांबी १२.९ सेंटिमीटर आली. पुठ्ठा, जुन्या दिनदर्शिकेचा गुळगुळीत कागद आणि डोफीनसाठीं केलेला चाकांचा सांचा, एवढ्यावर तिनें गाडी उभी केली आहे. रंग शेजाऱ्यांच्या गाडीचाच पिवळा द्यावा कीं नाहीं, यावर रात्रीच्या पंगतींत अजून खल चालू आहे. मागचें दार मात्र तिनें उघडतें मिटतें केलें आहे. खऱ्या नॅनोस तें २०१५ सालापर्यंत नव्हतें.